मांजर आधी सांगून ठेवतं

हट्टा आणि आजूबाजूच्या खेड्यांत जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. गाय आजारी पडली की दुधाचा हिशेब बिघडतो, म्हणून बोलावणं येतं. बकरी आजारी पडली की बाजारातल्या पैशांचा हिशेब बिघडतो, म्हणून येतं. मांजराचं तसं नाही. मांजर जेवेनासं झालं, लंगडायला लागलं, अंगावरचे केस गेले, तरी मला कोणी विचारत नाही. मांजरासाठी बोलावतात ते माणसाच्या हातातून रक्त आल्यावर. मग ओसरीवर पाऊल टाकताच पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पिसाळलं काय जी?"

आमचा बालाघाट जिल्हा धानाचा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण चिन्नोरचा वास उंदरांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूरच्या सोबत होता. सीमा बदलली तरी सोयरिकी गोंदिया, तिरोडा, तुमसरकडेच राहिल्या. घरात पोवारी, बाजारात हिंदी, पाहुण्यांशी मराठी, असं आमचं चालतं. आणि प्रत्येक घरात धानाची कोठी, कोठीपाशी उंदीर, उंदरापाठोपाठ मांजर. या मांजराला पूर्वी कोणी 'पाळलेलं' म्हणत नसे. ते कवेलूंवरून यायचं, तनसाच्या ढिगात विणायचं, चुलीपाशी झोपायचं. पोरांनी फार छळलं की परसातून निघून जायचं आणि संध्याकाळी दूध काढायच्या वेळेला परत हजर. त्याने कोणाला चावल्याचं क्वचितच ऐकू यायचं.

तक्रारी वाढल्या त्या घरं बदलल्यावर. कवेलू गेले, स्लॅब आले. मागचं दार लोखंडी झालं, खिडक्यांना जाळ्या बसल्या. गोंदिया-नागपूरहून लांब केसांची पर्शियन मांजरं यायला लागली आणि एवढे पैसे मोजलेलं मांजर बाहेर कोण सोडणार? मांजर पूर्ण घरात आलं. त्याने घरात राहू नये असं माझं म्हणणं नाही. रस्त्यावरच्या गाड्या आणि कुत्री पाहता आतलं मांजर जास्त जगतं. पण एक गोष्ट माझ्या कामातून पक्की झाली आहे. ज्या मांजराला निघून जाता येतं, ते सहसा चावत नाही. निघून जायची वाट बंद केली, तर ती दुसरीकडे कुठेतरी उघडून द्यावी लागते. 'रागीट मांजर' म्हणून मला दाखवलेल्या मांजरांतली बहुतेक अशीच, वाट बंद झालेली होती.

आधी पिसाळण्याचं बोलतो, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही.

मांजराला रेबीज होतो, आणि झालेलं मांजर बहुधा आक्रमक होतं. लपून बसलेलं मांजर काही कारण नसताना झडप घालतं, आवाज बदलतो, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, आणि काही दिवसांत ते मरतं. म्हणून मी मांजराकडे नंतर बघतो, आधी माणसाचा हात बघतो. जखमेवर हळद, चुना, तिखट असं काय काय दाबलेलं असतं. ते सगळं धुवायला लावतो. वाहत्या पाण्याखाली, साबणाने, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून. मग सरकारी दवाखान्यात. कातडीत द्यायच्या लशीची पहिली सुई त्याच दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दात आरपार लागून रक्त आलं असेल, तर जखमेतही इम्युनोग्लोब्युलिन भरावं लागतं. मांजरावर दहा दिवस नजर ठेवायची, पण ते दहा दिवस सुई थांबवायला नसतात. "घरचंच मांजर आहे, कुठे जातं," असं म्हणणाऱ्याच्या घरचं मांजर रात्री कुठे जातं हे त्याला सोडून गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

रेबीज नसला तरी मांजराचा चावा हलका समजू नये. कुत्र्याचा चावा फाडतो, तो दिसतो. मांजराचा दात सुईसारखा बारीक, आत खोल जातो आणि वरचं भोक मिटतं. तोंडातले जंतू, मुख्यतः पाश्चुरेला, आत कोंडले जातात. दुसऱ्या दिवशी बोट टम्म फुगतं. सांध्यावर चावा असेल तर माणसांच्या डॉक्टरकडे लगेच जावं लागतं. एवढं सांगून झालं की मग मी मांजर कुठे आहे ते विचारतो.

मांजर बहुधा कोठीखाली, पलंगाखाली किंवा माळ्यावर असतं आणि घरातला एखादा उत्साही मुलगा झाडूने ते बाहेर काढत असतो. त्याला मी आधी थांबवतो. मग चहा मागतो. चहाची मला फार आवड आहे असं नाही, पण चहा होईपर्यंत कोणी मला उठवत नाही आणि मला बसून घर बघता येतं. मांजराचं पाणी कुठे ठेवलं आहे, जेवण कुठे, हगायची जागा कुठे, उंचावर चढायला काही आहे का, खिडकीबाहेर काय दिसतं. उलटतपासणी मांजराची नसते, घराची असते.

पॉल लायहाउझेन नावाच्या जर्मन अभ्यासकाने गेल्या शतकात मांजरांच्या पवित्र्यांची चित्रं काढून मांडणी केली होती. भीती वाढत जाते तसं मांजर कसं दिसतं, चढाई वाढत जाते तसं कसं, आणि दोन्ही एकत्र आल्यावर कसं. चढाई करणारं मांजर पाय ताठ करून उभं राहतं, रोखून बघतं, कान मागे वळवतं. भ्यालेलं मांजर जमिनीला चिकटतं, कान डोक्याला चपटे लावतं, तोंड उघडून फुसकारतं. आमच्या लोकांना फुसकारणारं मांजर सगळ्यात खतरनाक वाटतं. वास्तविक ते म्हणत असतं, जवळ येऊ नको. त्याचं ऐकलं तर काहीच होत नाही.

या फुसकारण्याच्याही आधी ते बरंच काही सांगतं. गोंदियाहून आणलेल्या एका पर्शियन मांजराची मालकीणबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मांडीवर स्वतःहून येते, लाड करून घेते आणि एकदम चावते. बेइमान आहे." मी म्हटलं, माझ्यासमोर घ्या मांडीवर. त्यांनी घेतलं. डोक्यावरून पाठीकडे, शेपटीच्या बुडापर्यंत हात फिरवायला लागल्या. आधी मांजराचे डोळे मिटले होते. थोड्या वेळाने शेपटीचं फक्त टोक हललं. मग पाठीची कातडी, माशी बसल्यावर गाईची थरथरते तशी, एकदा थरथरली. एक कान बाजूला वळला. बाई माझ्याशी बोलत होत्या, नणंदेच्या घरच्या लग्नाचं काहीतरी. हात चालूच होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, घरघर थांबली. मी म्हटलं, "आता हात काढा." त्यांनी काढला. मांजर उतरलं, दोन पावलांवर बसून अंग चाटायला लागलं. पाच वेळा सांगून झालं होतं. सहाव्यांदा दाताने सांगितलं असतं.

अशा मांजराला लाड नको असतात असं नाही, थोडे हवे असतात. गालावर, हनुवटीखाली तीन-चार वेळा हात फिरवायचा आणि थांबायचं. त्याने डोकं पुढे केलं तर पुन्हा. शेपटीचं बूड आणि पोट सोडून द्यायचं. मांजर उताणं पडून पोट दाखवतं ते विश्वास दाखवायला, हात लावायला नव्हे. हे सांगितल्यावर बाईंच्या नवऱ्याने मान डोलावली आणि म्हणाला, हे सगळ्यांनाच लागू आहे. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. चहा तोवर झाला होता.

एकाएकी बदललेल्या म्हाताऱ्या मांजराचं प्रकरण वेगळं. धानाचा व्यापार असलेल्या एका घरात आजीबाईंनी लहानपणापासून वाढवलेली मांजरी होती. आजींच्या ताटाशेजारी बसून जेवणारी. तिने एक दिवस गालावरून हात फिरवताना आजींच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. घरात दोन मतं. एक, मांजरी पिसाळली. दुसरं, तिला आजींचं काहीतरी दिसलं आणि मांजराला आधी कळतं. आजी स्वतः दुसऱ्या मताच्या होत्या आणि त्यांनी जेवण कमी केलं होतं.

मी मांजरीचं खाणं बघितलं. पोळी दुधात भिजवलेली असेल तर ती खात होती, कोरडं तोंडात घेऊन एका बाजूने टाकून देत होती. टॉवेलमध्ये गुंडाळून ओठ वर केला. खालच्या जबड्यात मागच्या दाताच्या मुळाशी हिरडी दातावर चढल्यासारखी दिसत होती, लालभडक. कापसाची काडी तिथे नुसती टेकवली तर जबडा कडकड वाजला. मांजरांमध्ये दात आतून झिजून विरघळण्याचा हा आजार फार आढळतो आणि दुखणं इतकं असतं की भूल दिलेल्या मांजराचाही जबडा कधीकधी थरथरतो. आजींचा हात नेमका त्या दातावरून फिरत होता. तिला नागपूरला नेऊन दात काढवून आणला. मांजरी पुन्हा ताटाशेजारी बसायला लागली आणि आजी पुन्हा पोटभर जेवायला लागल्या. त्यांच्या मते मांजरीने त्यांच्यावरचं संकट स्वतःवर घेतलं. मी वाद घातला नाही.

म्हणून शांत मांजर अचानक चावायला लागलं तर मी स्वभावाचा विचार शेवटी करतो. दात, कान, गुडघे-कंबरेची झीज, लघवीची जळजळ, म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढणं, जुन्या मारामारीतलं कातडीखाली साचलेलं गळू, हे सगळं आधी. मांजर दुखणं लपवतं. शेळी ओरडते, गाय रवंथ सोडते, मांजर फक्त कमी उड्या मारतं. पूर्वी कोठीवर एका झेपेत चढणारं मांजर आता आधी पोत्यावर, मग कोठीवर असं चढतंय, हे घरातल्या कोणालातरी दिसलेलं असतं, पण ते 'दुखणं' म्हणून कोणी मला सांगत नाही. मी विचारलं की आठवतं.

इथे एक कडक सूचना. दुखतं म्हणून माणसाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल पचवण्याची रासायनिक व्यवस्थाच मांजराच्या यकृतात नीट नसते. एका गोळीचा तुकडाही मांजर मारू शकतो. हिरड्या विटकरी-तपकिरी होतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. मायेने दिलेल्या गोळीने गेलेली मांजरं मी बघितली आहेत, आणि त्यातल्या कोणत्याच घरात द्वेष नव्हता. कुत्र्याच्या गोचिडांवरचं पर्मेथ्रिनवालं औषधही मांजराच्या अंगावर टाकू नये. त्याने झटके येतात.

आता सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रकार. एका घरात नवी सून आली होती. मांजर तिच्याशी बरं वागायचं, तिच्या पायथ्याशी झोपायचं. एका संध्याकाळी ते खिडकीत बसून गुरगुरत होतं, शेपटी फुगलेली. सुनेला वाटलं घाबरलंय बिचारं, तिने मागून उचललं. मांजराने तिच्या हातात चारही पंजे रुतवले, चावलं आणि सोडेना. पुढचे काही दिवस ती स्वयंपाकघरात आली की ते दबा धरायचं, पायांवर झडप घालायचं. सासूवर नाही, सासऱ्यावर नाही, फक्त तिच्यावर. मग जे व्हायचं ते झालं. शेजारणींनी अर्थ लावला. मांजराला माणूस कळतो, असं कोणीतरी तिच्यासमोर बोललं. मी गेलो तेव्हा ती दंडाला फडकं बांधून दारामागे उभी होती आणि घरात कोणी तिच्याशी फार बोलत नव्हतं.

मी त्या खिडकीबाहेर गेलो. भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पिवळट ओघळ होते आणि वास असा की ओळखायला डॉक्टर लागत नाही. बोक्याची धार. परका बोका रोज संध्याकाळी खिडकीखाली येऊन आपली हद्द सांगत होता. आतल्या मांजराला तो दिसत होता, वास येत होता, पण जाळीमुळे ना भांडता येत होतं ना पळता. ताव भरलेला होता, आणि नेमकं त्या क्षणी मागून हात आला. मग त्या तावाला ती बाई चिकटली. तिला बघितलं की तोच प्रसंग त्याच्या अंगात जागा व्हायचा. अमेरिकेतल्या चॅपमन आणि व्हॉइथ या दोघींनी १९९० साली अशा १४ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली होती. एकावरचा राग दुसऱ्यावर काढण्याचा हा प्रकार मांजरांमध्ये चांगला ओळखीचा आहे. आणि तो काही तासांत विरतो तसा कधी कित्येक दिवस टिकतो.

मी सासूबाईंना बाहेर नेऊन भिंतीचा वास घ्यायला लावला. "काकू, दोष या भिंतीचा आहे," म्हटलं. त्यांनी पदर नाकाला लावला आणि सुनेला हाक मारली, गरम पाणी आण म्हणून. भिंत धुतली. खिडकीचा खालचा अर्धा भाग कागदाने झाकला, म्हणजे उजेड येईल पण बोका दिसणार नाही. मांजराला एका अंधाऱ्या खोलीत पाणी, जेवण आणि राखेचं घमेलं देऊन एकटं ठेवलं. कोणी समजूत काढायला जायचं नाही, कोणी रागवायला जायचं नाही. शांत झाल्यावर त्याचं जेवण सुनेने द्यायचं, तेही लांबून, वाटी सरकवून, डोळ्याला डोळा न देता. वैनगंगेच्या मासळीची डोकी त्या घरात मांजराला रोज मिळायची. ती आता फक्त सुनेच्या हातून. अंतर रोज थोडं कमी. बरेच दिवस लागले. मांजर पुन्हा तिच्या पायथ्याशी झोपायला लागलं, पण त्या घरात खरी दुरुस्त झालेली गोष्ट दुसरी होती.

तो बोका कोणाचाच नव्हता, म्हणजे सगळ्या गल्लीचा होता. त्याची नसबंदी करायला वर्गणी काढावी लागली आणि वर्गणीपेक्षा वाद जास्त झाला. पुरुषमंडळींना हे ऑपरेशन मनाला लागतं, का ते मी विचारत नाही. त्यांचा ठरलेला मुद्दा: मग तो उंदीर मारणार नाही, लोळत पडेल. उंदीर मारायचं आणि बोकेपणाचं नातं तसं नसतं, नसबंदी झालेली मांजरं शिकार करतात. मारामाऱ्या, भटकणं आणि धार मारणं मात्र कमी होतं. कॅलिफोर्नियात हार्ट आणि बॅरेट यांनी १९७३ मध्येच मोठ्या वयात नसबंदी केलेल्या बोक्यांचा अभ्यास करून हे दाखवलं होतं. बहुतेकांमध्ये फरक पडला, आणि बऱ्याच जणांत लगेच. त्या गल्लीतला बोका आता कुठल्याशा ओट्यावर ऊन खात असतो. उंदीर मारतो.

लोक स्वतः काय उपाय करतात तेही सांगायला हवं. चप्पल मारतात, तोंडावर पाणी फेकतात, नाकाला तिखट लावतात. त्याने मांजर शिकतं ते एवढंच की हा माणूस धोक्याचा आहे, आणि पुढच्या वेळी फुसकारण्यात वेळ न घालवता थेट चावतं. म्हणजे आधी सांगण्याची जी सवय होती, तीच आपण मोडून काढतो. काही जण नखं उपटून द्या म्हणतात. मांजराचं नख काढणं म्हणजे बोटाचं शेवटचं पेर कापणं. मी नकार देतो. शेवटचा उपाय म्हणजे पोत्यात घालून नदीपलीकडे सोडणं. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं ही भीती अजून जुन्या घरांत आहे, म्हणून मारत कोणी नाही, सोडतात. उपाशी मरायला जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. काशीच्या पापात ते बसत नसल्यामुळे कोणाला त्याचं फारसं वाटत नाही.

माझ्या टेबलावर येणारं मांजर तर दुप्पट भ्यालेलं असतं. रस्ताभर बोऱ्यात गुदमरलेलं, बाहेर कुत्री, आत माझ्या हाताला डुकराचा, बकऱ्याचा वास. पूर्वी आम्ही मानगूट धरून दाबायचो. तसंच शिकवलं जायचं आणि तसंच सगळीकडे चालायचं. आता जगभरचे मांजरांचे डॉक्टर ते टाळायला सांगतात आणि मलाही पटलं आहे. मी लोकांना सांगतो, बोऱ्यात नका आणू. वरून उघडणारी टोपली आणा, आत घरातलं मळकं लुगडं घाला आणि वर दुसरं टाका. टोपली टेबलावर ठेवून नुसतं झाकण काढतो, मांजर टोपलीतच राहतं. लुगड्याखालून हात घालून जेवढं तपासता येतं तेवढं तपासतो. फारच भेदरट मांजराला यायच्या आधी देण्यासाठी गॅबापेंटिन लिहून देतो, मात्रा वजन करूनच. दुपारी बोलावतो, तेव्हा कुत्री नसतात.

राहिली लहान पिल्लं. यात दोन प्रकार माझ्याकडे येतात.

पहिला, धान कापताना बांधीत सापडलेली. मजूर बायका ओच्यात घालून आणतात, "माय मेली दिसते" म्हणत. पट्टेरी, गोजिरवाणी. एकदोन महिन्यांत ती अशी चावकी होतात की घर हवालदिल. पाय नको एवढे लांब, शेपटी आखूड, टोकाकडे काळी वलयं, कानांच्या टोकाला काळे केस. ते रानमांजर असतं. लहानपणी त्याच्या अंगावर पट्टे असतात, म्हणून घरच्या मांजरात खपून जातं. त्याला कितीही दूध पाजलं तरी ते घरचं होत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते पाळताही येत नाही. माय बहुधा मेलेली नसते, विळ्यांच्या आवाजाने बाजूला गेलेली असते. पिल्लं तिथेच राहू देऊन माणसं लांब झाली, तर रात्री येऊन घेऊन जाते. जुन्नरच्या उसात सापडणारे बिबट्याचे बछडे वनखातं असंच परत आईपाशी पोचवतं. आपल्या बांधीतही तेच करायचं. हात लावायचा नाही आणि वनरक्षकाला कळवायचं.

दुसरा प्रकार घरच्या पिल्लाचा. डोळे उघडले न उघडले तोच आईपासून तोडून आणलेलं, एकटं वाढलेलं. घरातली पोरं त्याला बोटं नाचवून खेळवतात, ते बोट चावतं, सगळे हसतात. सहा महिन्यांनी तेच चावणं कोणाला गोड वाटत नाही. दाताचा जोर किती लावायचा हे पिल्लू भावंडांशी कुस्ती करून शिकतं. जोरात चावलं की समोरचं किंचाळतं, खेळ मोडतो, आई थोबाडीत देते. एकट्या पिल्लाला हे कोण शिकवणार? फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाचा हात लागलेली पिल्लं माणसाळतात. हेलसिंकी विद्यापीठाच्या मंडळींनी २०१७ मध्ये ५,७०० हून जास्त मांजरांच्या मालकांची माहिती तपासली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला. म्हणजे हात लावायचा लवकर, पण आईजवळच ठेवून. आमच्याकडे नेमकं उलट होतं. पिल्लं माळ्यावर असेपर्यंत कोणी हात लावत नाही, आणि हात लावला की घेऊनच जातात.

चावकं पिल्लू घरात असेलच, तर हात हे खेळणं नव्हे असं घरातल्या सगळ्यांनी ठरवा. एकट्या आईने ठरवून भागत नाही, काकाने बोट नाचवलं की सगळं पाण्यात. लांब काडीला कोंबडीचं पीस बांधा, संध्याकाळी दमेपर्यंत पळवा, मग जेवायला द्या. दोरा सुटा ठेवू नका, ते गिळतं आणि आतडी कापली जातात. चावलं तर हात ओढू नका. ओढलेला हात म्हणजे पळणारा उंदीर. हात ढिला सोडा, उठा आणि खोलीबाहेर जा. त्याला एक उंच जागा द्या, कोठीवर जुनी गोणी टाकली तरी पुरे, आणि ते तिथे असताना कोणी हात वर करायचा नाही.

आणि पिल्लू अजून आणायचंच असेल, तर ते दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपाशी राहू द्या, रोज जाऊन हात लावून या. मग आणा, आणि जमलं तर एकाऐवजी दोन भावंडं आणा.